वाट अडवणारे मिथाइल

बेंझॉइक आम्ल, मिथेनॉल, थोडं सल्फ्युरिक आम्ल, रात्रभर रिफ्लक्स. सकाळी एस्टर तयार. बीएस्सीच्या मुलांनाही जमतं. पण कार्बॉक्सिलच्या दोन्ही शेजारी एकेक मिथाइल आणि समोर तिसरा, असं मेसिटॉइक आम्ल घ्या. रात्र जाते आणि टीएलसीवर मूळ आम्लाचा लांबट डाग तसाच. व्हिक्टर मायर यांनी 1894 मध्येच हे सांगून ठेवलंय. तरी लॅबमध्ये नवा आलेला मुलगा हमखास विचारतो, ''सर, अजून तापवू का?''

मी त्याच्यापुढे मॉडेलचा डबा सरकवतो. वहीत मिथाइल म्हणजे नुसती एक रेघ. मॉडेलमध्ये तिचे तीन हायड्रोजन चांगलेच बाहेर येतात. त्यांच्यामुळे कार्बॉक्सिलला कड्याच्या सपाटीत बसता येत नाही, ते आडवं वळतं. मिथेनॉलला त्याच्या ज्या तोंडांवरून शिरायचं, ती दोन्ही तोंडं आता नेमकी मिथाइलांकडे. शिवाय शिरल्यावर कार्बनला तीनाचे चार हात करायचे असतात. जागा आहे कुठे?

यावरचा मेल्विन न्यूमन यांचा 1941 चा तोडगा मला फार आवडतो. त्यांनी आम्ल आधी शुद्ध सल्फ्युरिक आम्लात विरघळवलं. त्यात पाणी निघून जातं आणि उरतो सरळ रेषेतला अ‍ॅसिलियम आयन. हे द्रावण गार मिथेनॉलमध्ये ओतायचं, जपून, कारण ते चरचरतं. मिथाइल जागचे हललेले नसतात. पण आता मिथेनॉल कड्याच्या वरून किंवा खालून येतं, आणि तिथे कोणी आडवं नाही.

म्हणून 'इथे गर्दी आहे' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कोणाला अडवते आणि कुठून, ते सांगा. एलडीए या बेसच्या नायट्रोजनवर दोन आयसोप्रोपिल असतात. त्यांच्यामुळे एलडीए कीटोनच्या कार्बनपर्यंत सहसा पोचत नाही, पण बाहेरचा प्रोटॉन उणे 78 अंशांनाही अलगद उचलतं. तिथे अडथळा आम्ही पैसे मोजून विकत घेतो.

रोजच्या कामात मात्र मी न्यूमनच्या वाटेला जात नाही. पोटॅशियम कार्बोनेट, डीएमएफ, मिथाइल आयोडाइड, आणि ते विषारी म्हणून सगळं हूडमध्ये. यात हल्ला करतो आम्लाचाच ऑक्सिजन. कार्बनला कोणी हात लावत नाही. एस्टर मुकाट्याने होतो. पुढे आम्ल परत हवं झालं, की मात्र तेच मिथाइल अल्कलीलाही अडवतात. मग पुन्हा सल्फ्युरिक आम्ल काढायचं, आणि या खेपेला बर्फाच्या पाण्यात ओतायचं.