फोल्डर आणि फळा

आमच्या वसमतच्या शेतीचा हिशोब सध्या नोशन या अ‍ॅपमध्ये आहे आणि माझं स्वतःचं लिखाण व्हीएस कोडमध्ये. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिला ही वाटणी उलटी वाटते, कारण कोड एडिटर प्रोग्रामरने वापरायचा, हळदवाल्याने नाही.

नोशनची पहिली आवृत्ती २०१६ची. पानं, तक्ते, कॅलेंडर, सगळं एकाच फळ्यावर. भाऊ पुण्यात, मी इथे. हिंगोलीच्या यार्डात हळदीच्या कांडीला काय लागलं, गट्टूला काय, आडत-हमाली किती कापली, हे पट्टीच्या फोटोसकट त्याला लगेच दिसतं. या कामाला नोशनच्या तोडीचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. लिहायला बसलं मात्र की पानाला चित्र कोणतं लावू, टॅग कोणता देऊ, यातच संध्याकाळ जाते. मजकूर राहतो दुसऱ्याच्या सर्व्हरवर. पानं आधी उतरवून ठेवून बिनरेंजचं उघडायची सोय आली २०२५च्या ऑगस्टात. आमच्या शेतातल्या आखाड्यावर रेंज अजून आलेली नाही.

लिहिलेलं पुढे वाचताच न येण्याची खरी धास्ती जुनी आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण आम्ही कितीतरी वर्षं फॉन्टांच्या खेळातली मराठी टाइप करत राहिलो. तो फॉन्ट नसेल तर त्या फायलींत आज नुसता रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून साधी टेक्स्ट फाइल. जॉन ग्रुबरने २००४ साली आणलेलं मार्कडाउन एवढंच मागतं की शीर्षकाआधी एक # टाका. ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते.

एडिटरचं कौतुक तरी किती करायचं? समान रुंदीच्या इंग्रजी फॉन्टांत देवनागरी बहुधा नसतेच, ती उसनी येते आणि ओळी वाकड्या दिसतात. उभ्या रेघा मारून तक्ता करणं म्हणजे तर शिक्षाच. पण बदलांची नोंद ठेवणारं गिट जोडलं की बदललेली जुनी ओळ लाल, नवी हिरवी. वडील वहीत आकडा खोडायचे तो असाच, वाचता येईल असा.

अडलंय ते बेण्याच्या नोंदींपाशी. सेलम जातीचं बेणं कुठून आणलं, कोणत्या तुकड्यात लावलं, कंदकुज कुठे दिसली. हा हिशोब म्हणावा की लिखाण? वसमत हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून भाऊ या नोंदी सारख्या विचारतो. त्या माझ्या फोल्डरात आहेत. तो व्हॉट्सअॅपवर मागतो, मी ओळ कॉपी करून धाडतो.