कजर्त ते कर्जत

उल्हासच्या खोऱ्यात ज्यांनी पावसाळे काढले आहेत त्यांना कागद आणि ओल यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. जूनच्या अखेरीस कपाटाची दारे फुगतात, गौरीगणपतीच्या सुमारास पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी धरते आणि दिवाळीच्या उन्हात पुस्तके पसरली की त्यांतली दोन-चार तरी दरवर्षी कामातून गेलेली असतात. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. घर कर्जतला, एकाची नोकरी इथलीच, दुसरीची खोपोलीच्या गाडीने जाऊन करायची, खालापूर तालुक्यातली. लग्नानंतर दोघांचे दोन ग्रंथसंग्रह एका ओल्या भिंतीला टेकले आणि आमच्या संसारात वाळवी हा तिसरा वाचक आला. ई-रीडर घेतला तो या तिसऱ्या वाचकाला कंटाळून.

वाळवीपासून वाचलेली पुस्तके अव्यवस्थेपासून वाचत नाहीत, हे मात्र लवकरच कळले. ई साहित्य प्रतिष्ठानाने विनामूल्य वाटलेली, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर ठेवलेली, मराठी विकिस्रोतावरून उतरवून घेतलेली अशी शेकडो पुस्तके संगणकात साठली होती. ती ज्या कप्प्यांत होती त्यांची नावे ‘पुस्तके’, ‘पुस्तके नवीन’, ‘पुस्तके नवीन खरे’ आणि ‘नंतर बघू’ अशी होती. एकच कादंबरी तीन ठिकाणी निघे आणि हवी असलेली एकाही ठिकाणी सापडत नसे. वर्गात संदर्भसूचीची शिस्त शिकवणाऱ्या दोघांच्या घरची ही स्थिती.

एका तरुण सहकाऱ्याने ‘कॅलिबर’ सुचवले. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि मुक्तस्रोतही आहे. कोविद गोयल यांनी कॅलटेकमध्ये विद्यार्थी असताना २००६ साली त्याचा आरंभ केला. सोनीचा पीआरएस-५०० हा ई-रीडर तेव्हा नुकताच आला होता आणि लिनक्स वापरणाऱ्याला तो आपल्या संगणकाशी जोडून वापरता येत नव्हता. ती अडचण दूर करण्यासाठी हा खटाटोप होता. २००८ मध्ये त्याचे नाव कॅलिबर झाले. त्या नावात ‘लिब्रे’, म्हणजे मुक्त, हा शब्द दडलेला आहे. कॅलिबर ग्रंथपालासारखी नोंद ठेवते, खिळे जुळवणाऱ्यासारखे पुस्तक एका साच्यातून काढून दुसऱ्यात बसवते आणि शेवटी हमालासारखे ते वाचनयंत्रावर नेऊन टाकते. (विकत घेतलेल्या, कुलूपबंद ई-पुस्तकांचे कुलूप ते उघडत नाही, त्यांचा विचार येथे नाही.)

पहिली अडचण नोंदीतच आली. कॅलिबर प्रत्येक पुस्तकाला लेखक कोण असे विचारते आणि नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून तो पुढे घेते. वि. स. खांडेकर ‘ख’मध्ये बसतात, हे ठीकच. पण आमच्याकडच्या नोंदींत ज्ञानेश्वर महाराज, तुकाराम महाराज अशी नावे होती. ते सगळे ‘महाराज’ या एकाच घराण्यातले ठरून ‘म’मध्ये जाऊन बसले. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम असे तीन लेखक झाले. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई आणि १९५१ मध्ये निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी शेजारी शेजारी आल्या. एका नोंदीत तर कोणीतरी आधीच्या बहिणाबाईंचे अभंग नंतरच्यांच्या नावावर जमा करून ठेवले होते. आम्ही हसत हसत दुरुस्त्या करू लागलो आणि हळूहळू हसू ओसरले. टोपणनाव म्हणजे वेगळा लेखक की त्याच लेखकाचा वेगळा आवाज, संपादकाला लेखकाच्या रकान्यात जागा द्यावी की नाही, हे प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेत दहा गुणांना विचारत आलो होतो. रिकामा रकाना समोर आला तेव्हा स्वतःची उत्तरे द्यावी लागली.

दुसरी अडचण रूपांतराची. ई-रीडरला मानवणारे ‘ईपब’ हे स्वरूप म्हणजे वस्तुतः एका पोतडीत बांधलेली साधी संकेतपाने असतात. त्यांतला मजकूर पाण्यासारखा वाहता असतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मोडतात. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले आणि टंकात सोय असली तर ल आणि श हेसुद्धा मराठी वळणाचे उमटतात. पीडीएफचा स्वभाव याच्या उलट. कोणते चिन्ह पानावर नेमके कुठे उमटवायचे, एवढेच ती जाणते. परिच्छेद कुठे संपला, पानाच्या माथ्यावरचे नाव मजकुरात धरायचे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसते. रूपांतरासाठी सर्वांत वाईट स्वरूपांपैकी हे एक, असे कॅलिबरच्या माहितीपुस्तकातच सांगितले आहे. आणि मराठीतली बहुतेक विनामूल्य ई-पुस्तके नेमकी पीडीएफमध्ये आहेत. काही पानांची नुसती छायाचित्रे, काही युनिकोडमधली, आणि उरलेली जुन्या डीटीपी टंकांतली. या तिसऱ्या प्रकाराशी आमची खरी गाठ पडली ती स्वतःच्याच लेखनामुळे.

२००५ साली कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकरवाड्यांवर हिंडून आम्ही लोकगीते गोळा केली होती. पुढच्या वर्षी एम.फिल.च्या प्रबंधिकेला ती परिशिष्ट म्हणून जोडली, पदवी मिळाली आणि विषय संपला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आमची गीते त्या वाडीवरची नव्हती. तरीही त्या आठवड्यात आम्ही दोघेही एकमेकांशी न बोलता तीच प्रबंधिका शोधत होतो. ध्वनिफितींना बुरशी लागलेली. छापील प्रतीचा कडेचा भाग वाळवीने नेलेला. एक सीडी मात्र सापडली, आणि ती वाचलीही गेली. पुढे वर्गातल्या एका ठाकर विद्यार्थिनीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मला द्या ना ती गाणी. माझी आजी ऐकेल. पण फोनवर वाचता येईल असं काहीतरी द्या, संगणक नाही घरी.”

मागणी साधी होती. आम्ही फाइल कॅलिबरमध्ये घातली, ईपब केले आणि उघडले. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी एक अधोरेघ, मग रोमन ए, एम, आर, त्यापुढे गणितातले ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि पुन्हा एक आर. जुन्या टंकाची ही करामत होती. संगणकाच्या लेखी आम्ही रोमन अक्षरेच टंकित केली होती. त्या विशिष्ट टंकाने त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवले होते. टंक गेला, मुखवटे गळाले.

महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बांधलेले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकांना ते बंद होते, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. महानुभावांनी ती लिपी जाणूनबुजून योजली होती, आपले ग्रंथ जपण्यासाठी. आमच्या पिढीने न जाणता डझनावारी सकळ लिप्या निर्माण केल्या, आणि त्यांच्या किल्ल्या छपाईचे संच बदलताना भंगारात दिल्या. गेल्या शतकाच्या अखेरची नि या शतकाच्या आरंभीची किती मराठी पुस्तके अशी मुखवट्यांत अडकली असतील, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. त्यातला एक वापरला. बहुतेक मजकूर मराठीत आला. खालापूर जसेच्या तसे आले, खोपोलीही आली. पण आमचे गाव मात्र ‘कजर्त’ होऊन आले. विचार केल्यावर कारण उमगले. जुन्या टंकात अक्षरे हाताच्या क्रमाने साठवलेली असतात: आधी ज काढायचा, मग त्याच्या डोक्यावर रफार द्यायचा. युनिकोडमध्ये ती तोंडाच्या क्रमाने असतात: आधी र चा उच्चार, मग ज. परिवर्तकाने हा क्रम उलटवला नाही की रफार एक घर पुढे सरकतो. ऱ्हस्व वेलांटीचेही तेच. ती लिहायची आधी, बोलायची नंतर. लेखन आणि उच्चार यांतले जे अंतर भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही फळ्यावर समजावून सांगतो, तेच इथे प्रत्येक ओळीत पाय अडकवत होते.

कॅलिबरमध्ये पुस्तक उघडून दुरुस्त करण्याचीही सोय आहे. शोधा आणि बदला या एका आज्ञेने ‘कजर्त’चे सर्वत्र ‘कर्जत’ झाले. पण सगळ्याच चुका अशा आज्ञाधारक नसतात. ‘दऱ्या’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा र हरवून त्याचे ‘दर्या’ झाले होते, आणि भीमाशंकराच्या पायथ्याशी समुद्र उसळू लागला होता. दर्या हा शब्दही मराठीच असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला त्यात काहीच वावगे दिसत नव्हते. त्याहून कठीण प्रश्न बोलीचा होता. एखादे रूप विचित्र दिसले की ते परिवर्तकाने मोडले आहे, की टंकलेखकाने, की मुळात गाणारी तसेच म्हणाली होती? प्रमाण मराठीच्या सवयीने दुरुस्ती करत गेलो असतो तर ठाकरी बोली पुसून तिथे आमचीच भाषा बसली असती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली, हे आम्हाला पाठ होते. त्या ताकदीचे वजन त्या महिनाभरात कळले. वाळवीने खाल्लेली छापील प्रत समोर ठेवून आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिली. जिथे कागदच नव्हता तिथे कंस टाकून जागा रिकामी सोडली. यंत्राने एका मिनिटात केलेल्या रूपांतराचे पुस्तक व्हायला असे दोघांचे पाच आठवडे लागले.

विद्यार्थिनीने ते फोनवर नेले. मजकूर आता खरोखरीचा मजकूर झाला असल्यामुळे फोन तो मोठ्याने वाचूनही दाखवू शकत होता. सपाट, सुराचा मागमूस नसलेला तो आवाज आजीने संध्याकाळी ऐकला. दुसऱ्या आठवड्यात विद्यार्थिनी आली आणि थोडी संकोचत म्हणाली, “सर, आजी हसत होती. म्हणते जाईचा मोहोर कोण खातं? ते चाईचा पाहिजे.”

चाई म्हणजे पहिल्या पावसानंतर रानात चढणारा वेल. त्याचा मोहोर भाजीला आणतात. कर्जतच्या बाजारात वाड्यांवरच्या बायका तो घेऊन बसतात आणि आम्ही तो कितीदा विकत घेतला आहे. ‘जाई’ ही चूक परिवर्तकाची नव्हती, टंकाची नव्हती, वाळवीचीही नव्हती. २००५ साली ध्वनिफीत ऐकताना आमच्या मराठी एम.ए. झालेल्या कानांनी ती केली होती. भुकेच्या दिवसांतल्या भाजीचे गाणे आम्ही फुलांचे गाणे करून टाकले होते, आणि प्रबंधिकेत त्यावर सौंदर्यदृष्टीविषयी दीड पान लिहिलेही होते.

एका अक्षराचा बदल. तो केला, आणि बदलाची नोंद पुस्तकाच्या टिपणात घातली. मग नजर लेखकाच्या रकान्याकडे गेली. तिथे आमचे नाव होते. ते संकलकाच्या जागी हलवले, तेव्हा लेखकाचा रकाना रिकामा झाला. अशा वेळी कॅलिबर तिथे ‘अज्ञात’ या अर्थाचा शब्द आपणहून लिहिते. आमच्या परिशिष्टातही प्रत्येक गीताखाली ‘एक वृद्ध ठाकर स्त्री’ असेच छापले होते. त्या बायका अज्ञात नव्हत्या. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवून कोरा चहा दिला होता, आमची नावगावे विचारून घेतली होती. त्यांची विचारायची आम्हाला सुचली नव्हती, कारण लोकगीताला कर्ता नसतो हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते.

विद्यार्थिनीला आम्ही आजीकडून एवढे विचारून यायला सांगितले. आजीला दोघींची नावे आठवली. दोघीही आता नाहीत. ती नावे आम्ही त्या रकान्यात भरली आहेत. कॅलिबरने सवयीप्रमाणे त्यांतला शेवटचा शब्द पुढे घेतला, म्हणजे दोघींच्या नावांआधी त्यांच्या नवऱ्यांची आडनावे लागली. तो क्रम आम्ही हाताने उलटवला. बाकीच्या गीतांपुढे अजून ‘अज्ञात’च आहे. पाऊस उघडला की वाड्यांवर जायचे ठरवले आहे.