थोडक्यात हुकलेले

मित्रमैत्रिणींनो, आणि हे पान चुकून उघडलेल्या सर-मॅडमनो,

सुरुवातीलाच एक खुलासा. बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते. तेव्हा माझं ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारून घ्यावं आणि उरलेलं तुम्ही चालवून घ्यावं, ही विनंती.

आता मुद्दा. दरवर्षी डिसेंबरात मी हॉस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवते : वर्षभरातले माझे आवडते दहा व्हिडिओ गेम. (हो, लेडीज हॉस्टेलमध्येही गेम खेळतात. रात्री दीड वाजता येणाऱ्या किंकाळ्या पालीमुळे असतात, हा रेक्टर मॅडमचा समज कायम राहू द्यावा.) यादीचे नियम तीन. एक, गेम त्या वर्षी पहिल्यांदा खेळलेला हवा. दोन, शेवटपर्यंत खेळलेला हवा. तीन, दहा म्हणजे दहाच. 'दहा अ', 'दहा ब' असली भानगड नाही.

२०२४ च्या यादीत पहिला नंबर 'बलाट्रो'चा, याबद्दल आमच्या मजल्यावर दुमत नाही. पत्त्यांचा तो गेम एका कॅनेडियन माणसाने टोपणनावाने केला आणि त्याच्यापायी आमच्या विंगमधल्या चौघींची सबमिशन्स लांबली. पण पहिल्या नंबरावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय अकराव्यापासून पंधराव्यापर्यंतच्यांवर, थोडक्यात हुकलेल्यांवर.

का? तर हा शब्द मला तोंडपाठ आहे. सीईटीचा पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत छापून येतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझी कॉम्प्युटर ब्रँच त्यातल्या दुसऱ्या आकड्यावर गेली. पुढचे पंधरा दिवस घरी नातेवाईक येत होते, चहा पीत होते आणि जाताना आवाज खाली आणून म्हणत होते, "थोडक्यात हुकलं गं!" जणू मी गेलेच होते. आता मी ईअँडटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तेव्हा कटऑफ हा आपला जिव्हाळ्याचा विषय. फरक एवढाच, की या यादीत कटऑफ लावणारी मी आहे.

पंधरावा : 'थँक गुडनेस यू आर हिअर'. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला हा गेम इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या दोघा मित्रांनी केलाय. बार्न्सवर्थ नावाच्या काल्पनिक गावात एक वीतभर उंचीचा फिरता विक्रेता महापौरांना भेटायला येतो आणि गावकरी त्याला आपापली कामं सांगत सुटतात. त्याला येतं काय? उड्या मारणं आणि दिसेल त्या वस्तूला, दिसेल त्या माणसाला चापट मारणं. बस्स! पण हसून हसून पोट दुखतं. गंमत म्हणजे तिथली माणसं अस्सल गावरान यॉर्कशायरी बोलतात. बारा वर्षं 'स्पीक इन इंग्लिश' ऐकलेल्या मला पहिली दहा मिनिटं निम्मं कळलं नाही! आमच्या मजल्यावरची अकोल्याची मुलगी फोनवर घरी वऱ्हाडीत बोलते आणि वर्गात शिरताच 'प्रमाण' होते. तिला हा गेम दाखवला, तर ती म्हणाली, "मंग आपल्या बोलीत काऊन नाई बनवत कोनी?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. हुकला का? दोन-अडीच तासांत संपतो. चाळीस-पन्नास तास सोबत केलेल्या गेमांपुढे त्याचं वजन कमी भरलं.

चौदावा : 'यूएफओ ५०'. सप्टेंबर २०२४. 'स्पेलंकी' करणारा डेरेक यू आणि त्याच्या मित्रांनी अशी कल्पना केली की १९८०च्या दशकात एक गेम कंपनी होती आणि तिचे पन्नास गेम आता सापडलेत. मग ते पन्नासच्या पन्नास त्यांनी खरोखर बनवले! त्यातल्या 'मॉर्टॉल'मध्ये स्वतःचा एकेक जीव देऊन मागच्यासाठी वाट करायची असते. कुणी बाण होऊन भिंतीत रुतायचं, कुणी दगड होऊन पायरी व्हायचं. 'पार्टी हाऊस'मध्ये घरी पार्टी द्यायची, पण उपद्रवी पाहुणे तीन झाले की पोलीस दारात. हॉस्टेलमधल्या बर्थडेंचा याहून अचूक अभ्यास मी पाहिलेला नाही. पण पन्नासांपैकी माझे पुरे झाले नऊ. नुसतं 'पार्टी हाऊस' यादीत घालू या, असं रूममेटचं म्हणणं. मी म्हटलं, एका विद्यार्थ्याचा रोल नंबर एकच असतो. नऊ विषय सुटले आणि एक्केचाळीस बॅकलॉग, अशाला फर्स्ट क्लास कसा द्यायचा?

तेरावा : 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन'. सर-मॅडम, इथे जरा लक्ष द्या, कारण हे नाव तुमच्या ओळखीचं आहे. जॉर्डन मेकनर याने १९८९ मध्ये पहिला 'प्रिन्स' केला, धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून, त्याचं चित्रीकरण करून, त्यावरून एकेक हालचाल रेखाटून. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. तुमच्यापैकी कित्येकांनी कॉम्प्युटर लॅबमध्ये डॉसवर तो खेळलाय, हे आम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०२४ मधल्या या नव्या गेममध्ये सार्गोन नावाचा योद्धा काफ पर्वतावर जातो, जिथे काळच वेडावाकडा वाहतो. संवाद फारसीत ऐकायची सोय आहे. आणि एक सोय तर अशी, की प्रत्येक इंजिनीअरने नमस्कार करावा : एखादं दार उघडलं नाही, तर त्या जागेचं चित्र काढून नकाशावर टाचून ठेवता येतं. 'इथे नंतर यायचंय' एवढंच. गणित तीनच्या पेपरात ही सोय असती तर!

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आतेभावाच्या स्विचवर मी तो खेळले. सुट्टी संपली, सेमिस्टर परीक्षा आली, गेम निम्म्यावर राहिला. नियम दुसरा. समीक्षकांनी या गेमची वाहवा केली होती, पण विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि तो करणारी फ्रान्समधल्या माँपेल्येची टीम वेगवेगळ्या कामांवर विखुरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बातमी वाचली आणि वाईट वाटलं. माझ्या कपाटावर हुकला तर कुणाचं काही जात नाही. बाजारात हुकला की माणसं पांगतात.

बारावा : 'ॲनिमल वेल'. मे २०२४. बिली बॅसो या एकट्या माणसाने सुमारे सात वर्षं खपून, इंजिनसुद्धा स्वतःच लिहून केलेला गेम. आकार जेमतेम ३५-४० एमबी. आमच्या स्कॅन केलेल्या असाइनमेंटची पीडीएफ याहून मोठी असते! आम्ही ८०५१च्या ४ केबी रॉममध्ये प्रोग्रॅम कोंबायला शिकलेली माणसं. कमी जागेत जास्त बसवणाऱ्यापुढे आमचे हात आपोआप जोडले जातात. एक पिटुकला गोळा, अंधारी विहीर आणि नाना प्राणी. हातात तलवार नाही, बंदूक नाही. साबणाचे फुगे सोडायची कांडी, फ्रिस्बी, यो-यो. गेम संपला असं वाटतं तेव्हा कळतं, की हा तर वरचा थर होता. खाली ६४ अंडी लपलेली. त्याखाली आणखी काही. आणि एक कोडं तर असं, की चित्राचे पन्नास तुकडे आणि प्रत्येक खेळणाऱ्याला त्यातला एकच मिळतो. अनोळखी माणसांनी आपापले तुकडे जुळवले तेव्हा कुठे ते सुटलं. मी ४१ अंड्यांवर थांबले. 'शेवटपर्यंत' म्हणजे नक्की कुठपर्यंत, हे ठरवता येईना, म्हणून बारावा.

अकरावा : 'राजी'. यावर मी दोन रात्री घालवल्या. गेम २०२०चा, पण मी खेळले २०२४च्या त्याच दिवाळीत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने केलेला. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडतात. महाल, झरोके, भिंतींवरची चित्रं बघत मी चक्क उभी राहायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॅगनांशी लढल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे आपल्या घरातलं आहे.

पण लढाया त्याच त्या होत जातात, आणि गोष्ट ऐन रंगात येऊन तुटते. रूममेट म्हणाली, "अगं, पुण्याचा आहे, एक नंबर वर सरकव की!" म्हणजे ग्रेस मार्क. मी नाही दिले. ग्रेसने पास झालेल्याकडे लोक कसे बघतात ते आपण पाहतोच. जे 'राजी'ने स्वतः कमावलं, ते अकरावं स्थान. आणि ते मला कुणापुढेही छाती ठोकून सांगता येतं.

असो. आता पाचही कारणं एका ओळीत मांडून बघा : छोटा होता, फार मोठा होता, माझी सुट्टी संपली, त्याचा शेवट सापडेना, आणि शेवटच्याला दहावा किंचित सरस निघाला. यातली तीन-चार कारणं तर गेमची नाहीतच. ती माझ्या नियमांची आणि वेळापत्रकाची आहेत. तरीही यादी मी बदललेली नाही आणि बदलणारही नाही. दहा जागा म्हटल्या की अकरावं कुणीतरी असणारच. दार बंद होताना जो सर्वांत जवळ उभा असतो त्याला ते सर्वांत जोरात लागतं, हेही खरं. मी अजूनही कॉम्प्युटरच्या लॅबवरून जाताना आत डोकावतेच. पण 'थोडक्यात हुकलं' हे वाक्य सुतकी आवाजातच म्हणायचं, असा काही नियम नाही. त्यात 'थोडक्यात' हाही शब्द आहे, आणि तिथपर्यंत पोचायला बरंच चालावं लागतं.

तेव्हा यंदा डिसेंबरात तुम्ही याद्या कराल, गेमच्या, पिक्चरच्या, मेसच्या भाज्यांच्या (इथे दहा भरल्या तर मला कळवा!), तेव्हा खाली रेघ मारून अकरावं नावही लिहा. आणि 'ॲनिमल वेल'ची उरलेली २३ अंडी शोधायला दोघीतिघी हव्या आहेत. दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. चार्जर आपापला आणावा.