नरकाचं वर्णन ऐकून आलेल्या मुलीस

चंद्रपूर,
लेंटचा तिसरा आठवडा

प्रिय बाळ,


तुझा रात्री दीड वाजता आलेला मेसेज सकाळी वाचला. असल्या प्रश्नाला अंगठ्याने टाइप करून उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून कागद काढला. भामरागडला तो पोचेल तेव्हा पोचेल.

तुमच्या दवाखान्यातल्या माडिया आयाबाईला तू हौसेने संजीवन सभेला नेलंस. तिथे पाहुण्या उपदेशकांनी दीड तास नरक रंगवला आणि तेव्हापासून ती बाई झोपत नाही. तिची मेलेली आई आता त्या आगीत आहे का, हे ती तुला विचारते आणि तू मला विचारतेस. एवढंच आधी सांगते, तिच्या आईचा निवाडा करायला प्रभूने त्या उपदेशकांनाही नेमलेलं नाही आणि मलाही नाही. हे तिला आजच सांग. बाकीचं पत्र मग वाच.

आपल्या जंगलपट्टीत देवाधर्माच्या नावाने घाबरवायला बाहेरून कोणी यायची गरजच नव्हती गं. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021 मध्ये दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायापुरुषांना जादूटोण्याच्या संशयावरून भर चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. मे 2024 मध्ये एटापल्लीतल्या बारसेवाड्यात त्याच संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारून जाळलं. अटक झालेल्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होते. मुलगा आईवर हात उचलतो, इथवर भीती माणसाला नेते. मग आपण तिथे जाऊन भुताच्या जागी सैतान आणि पुजाऱ्याच्या जागी पास्टर बसवला, तर त्या गावाला नवीन काय दिलं? भीती तीच राहिली, फक्त तिचा मालक बदलला. याला मी सुवार्ता म्हणायला तयार नाही.

तू नर्स आहेस, म्हणून मार्कच्या पाचव्या अध्यायातली ती बाई तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. बारा वर्षं रक्तस्राव, वैद्यांच्या पायी सगळा पैसा संपलेला. मोशेच्या नियमाप्रमाणे ती जिला शिवेल ती वस्तू आणि ज्याला शिवेल तो माणूस संध्याकाळपर्यंत विटाळलेला. म्हणजे बारा वर्षं तिने कोणाचं लेकरू मांडीवर घेतलं नसेल, कोणाच्या पंगतीत बसली नसेल. तू तिकडे कुर्माघर रोज पाहतेस. पाळीचे दिवस गावाच्या कडेच्या त्या खोपटात काढायचे, चूल नाही, घर नाही, पावसाळ्यात सापाविंचवाची धास्ती. काही बायका म्हणतात, तेवढाच कामातून विसावा आणि मैत्रिणींची सोबत मिळते. तेही खरं असेल, त्यांचं म्हणणं आपण खोडू नये. आता काही गावांत पक्की विसावा केंद्रं झाली आहेत, ते चांगलंच झालं. पण चार दिवसांचं ते बाहेर बसणं बारा वर्षं चालू राहिलं असतं तर कसं झालं असतं, एवढं मनात आण आणि मग ती गोष्ट वाच.

ती गर्दीत मागून येते, चोरून वस्त्राला शिवते आणि बरी होते. येशूला तिचा रोगच बरा करायचा असता तर गोष्ट तिथेच संपली होती. ती गुपचूप घरी गेली असती. पण तो थांबतो आणि मला कोण शिवलं म्हणून विचारत राहतो. घाई तर केवढी! याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी शेजारी उभा आहे, त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. शिष्य वैतागतात. शेवटी ती बाई थरथरत पुढे येते आणि सगळ्यांसमोर सगळं सांगते. आता हा रागावणार, विटाळ केलास म्हणणार, असंच तिला वाटलं असणार. तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो. याईरच्या लेकीसाठी पदर पसरायला बाप होता, हिला कोणी नव्हतं. जिथे ती बारा वर्षं अस्पृश्य होती, त्याच गर्दीच्या देखत त्याने तिला घरातली केली. तारण कशातून, असंही तू मेसेजमध्ये विचारलंस. या बाईला विचारलं असतं तर तिने आगीचं नावही काढलं नसतं.

इथून जेमतेम तासाभराच्या वाटेवर वरोरा आहे. तिथे बाबा आमटे नगरपालिकेत होते, तेव्हा त्यांना गटारीकडेला कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला आणि ते घाबरून पळाले. एरवी कशाला न भिणारा माणूस! त्या पळण्याने त्यांना चैन पडेना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं आणि आनंदवन उभं राहिलं. बाबा काही चर्चमध्ये जाणारे नव्हते आणि त्यांना ओढूनताणून आपल्यात घ्यायची मला अजिबात हौस नाही. पण योहान आपल्या पहिल्या पत्रात प्रीती आणि भीती एकत्र नांदत नाहीत असं लिहितो, त्यावर मी ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा वरोऱ्याचं ते गटार मला जास्त शिकवून गेलं.

आता आपल्या घरातलं बोलू. बाप्तिस्मा, दृढीकरण, रविवारची हजेरी, दशांश, पांढरी साडी, एवढं नीट झालं की तारण पक्कं, असं मानणारे आपल्याकडेही ढीगभर आहेत. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला लेकीसह बाप्तिस्मा घेतला. लंडनमधल्या फुलहॅमला वाट चुकलेल्या बायकांना सिस्टर लोक प्रेमाने सांभाळतात, हे त्यांनी पाहिलं, आणि हे कशासाठी, याच्या उत्तरात त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. एवढ्या विदुषी बाई, पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी वर्षं गेली. असं लिहायला धाडस लागतं. आपल्यापैकी किती जण लिहितील? त्यानंतर 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि भुकेने टेकलेल्या मुली गोळा करून घेऊन गेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. त्या मुलींतून केडगावचं मुक्ती सदन वाढलं.

जकातदार जक्कयचंही तसंच. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू त्याच्या घरी उतरायला जातो. जक्कय उठून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. त्यावर येशू जाहीर करतो की आज या घरी तारण आलं. तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, पुडे कमी मोजणाऱ्या एखाद्या मुनशीने उठून असं म्हटलं, तर एटापल्लीत त्या दिवशी केवढा गाजावाजा होईल! प्रार्थना त्याने किती केल्या, हे कोणी विचारणार नाही.

तू विचारशील, मग धर्म बदलला की गावं का फुटतात? नाती जुळतात म्हणता आणि प्रत्यक्षात तुटताना दिसतात. बरोबर आहे तुझं. शेजारच्या बस्तरात जानेवारी 2025 मध्ये एका पास्टरचं प्रेत जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण गाव त्याला गावात पुरू देईना. त्याचा मुलगा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती द्या असं ठरलं. गाव चुकलं, असं मी म्हणते. पण देवकार्याच्या जेवणाला बसू नका, पेनाच्या, म्हणजे गोंडी देवाच्या, जत्रेला फिरकू नका, भावकीशी संबंध तोडा, असं शिकवणारेही आपल्यातच आहेत. ताटावरून उठायला आपणच शिकवायचं आणि गावाने खांदा दिला नाही म्हणून आपणच रडायचं.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडलाच. काही वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या सोवळं घेऊन, आपली वेगळी चूल घेऊन. टिळकांनी ती चूल मोडली नाही. नरक दाखवला नाही, नवरेपणाचा हुकूमही काढला नाही. वाट पाहिली. पुढे बाई स्वतःच विचार करत करत जातिभेदातून बाहेर पडल्या आणि मग बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आईच्या कपाटात आहे, ते भाग पुन्हा वाच. सुवार्ता कशी सांगावी याचा याहून चांगला धडा मी तरी मराठीत वाचलेला नाही.

नरक नाहीच, असं मी म्हणत नाही. न्यायाबद्दल येशू बोलला आहे आणि ते खोडायचा मला अधिकार नाही. पण मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तो न्यायाच्या दिवशी विचारतो काय? भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला पांघरलंत का, आजाऱ्याकडे आणि कैद्याकडे गेलात का. कोणत्या मंडळीचे सभासद होतात, हे त्या यादीत नाही. मला भीती वाटलीच तर या प्रश्नांची वाटते.

म्हणून दोन कामं सांगते. त्या आयाबाईला पुढच्या सभेला नेऊ नकोस. मोहाचे दिवस आहेत, सुट्टीच्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर फुलं वेचायला जा, तिच्या घरी जेव. तिच्या आईबद्दल तिला बोलू दे, मध्ये वचन सांगू नकोस. तिने आपणहून विचारलं, तर रक्तस्रावाच्या बाईची गोष्ट सांग.

दुसरं काम तुला आवडणार नाही. जातीबाहेर लग्न केलंस म्हणून पप्पा तुझ्याशी बोलत नाहीत आणि तूही हट्टाने बोलत नाहीस. तुम्ही दोघंही रविवार चुकवत नाही. दोघंही प्रभूभोजन घेता. मी त्यांनाही हेच लिहिते आहे, त्यामुळे एकट्या तुलाच टोचते असं समजू नकोस. ईस्टरच्या आधी त्यांना फोन कर. त्यांनी ठेवून दिला तर पुन्हा कर.

तुझी,
मोठी आई