टोकियोतला सिनेमा आणि जळगाव जामोदच्या सासूबाई

मैत्रिणींनो, आमचं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाला रेल्वे नाही; आगगाडी धरायची तर एस.टी.नं नांदुरा गाठायचं. तिथून निघून सासूबाई गेल्या वर्षी आमच्याकडे टोकियोला आल्या, तेही ज्वारीचं पीठ बांधून! मी कामावर जायची, त्या दिवसभर खिडकीशी बसून राहायच्या.

परवा इथल्या थिएटरात यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ पाहिला. चित्रपट १९५३ चा, खाली इंग्रजी अक्षरं नाहीत, नि माझं जपानी बेताचंच. तरी काही अडलं नाही, बरं का! ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर. वेळ कोणालाच नाही. रजा काढून शहर दाखवते ती विधवा सून. सासऱ्यांसाठी तांदळाची दारू शेजारणीकडून उसनी आणते, सासूचे खांदे चेपते. गावी परतल्यावर सासू वारते. शेजारच्या खुर्चीतली जपानी बाई डोळे पुसत होती. मी माझ्या शिल्लक रजा मोजत होते.

रात्री घरी फोन लावला. तिकडे दिवेलागण.

“पुन्हा या ना,” म्हटलं.

“आता तूच ये वं माय,” म्हणाल्या, “उन्हं तापायच्या आधी.”