हंगामाच्या नावाखाली

यवतमाळ,
दि. 21 डिसेंबर 2025

चि. सानिका हीस अनेक आशीर्वाद.

तुझी पणजी कापसाच्या जिनात पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबायची, तर तिच्यासाठी कायदा नव्हता का, असं तू विचारलंस. फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते.

कायदा होता. पहिला 1881 चा. पण त्यानं तास ठरवले ते फक्त मुलांचे. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. मागणीच सूर्यास्तापर्यंतची, यावरून आधीची गत ओळख! मालक म्हणत, तासांचा कायदा हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा डाव आहे. 'केसरी'चाही सूर तोच. लँकेशायरला इथल्या गिरण्या खुपत होत्या हे खरंच. पण म्हणून मजुराचा थकवा खोटा ठरत नाही. रविवारची सुटी अखेर 10 जून 1890 रोजी मान्य झाली.

आपल्या वऱ्हाडात मात्र गिरण्यांपेक्षा जिन-प्रेस जास्त. कापूस आला की भोंगा वाजणार, सरकी-रुई वेगळी होणार, गाठी बांधल्या जाणार. हंगाम सरला की कुलूप. वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना 1911 पर्यंत कायद्याच्या कक्षेतच नव्हता. 1922 मध्ये 11 तासांची मर्यादा आली. 1934 मध्ये बारमाही कारखान्यांना 10 तास झाले, जिनासारख्या हंगामी कारखान्यांना 11 च राहिले. मजूर खातं सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी आठवड्याला 48 तासांचं विधेयक मांडलं. ते 1946 मध्ये मंजूर झालं, तेव्हाही हंगामी कारखान्यांना 50 तासांची मुभा होती. हा भेद 1948 च्या कायद्यानं मिटवला.

कापूस थांबत नाही, हे कारण प्रत्येक वेळी पुढे आलं. पण कापूस थांबत नसेल तर दुसरी पाळी लावता येते. तिची मजुरी द्यायची नव्हती, एवढंच.

यंदा सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतली रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास 48 च राहतील, असं सांगितलं जातं. म्हणून तुला एकच सांगणं : कायदा असो की तुझ्या नोकरीचा करार, तासांचा आकडा नंतर वाच, सूट कोणाला आणि कशासाठी दिली आहे, ते आधी वाच.

तुझी,
मोठी आत्या