मागच्या चाकाची प्रतबंदी

आमच्या सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत ठरविण्याची जी पद्धत घालून दिली, तिचाच वारसा सांगणाऱ्या खात्यात २२ वर्षे भूकरमापकाची नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाने मोटारसायकलचा मागचा टायर घेताना मात्र जमिनीचा विचार अपुरा करावा, याची खंत मला आजही वाटते.

मोजणीसाठी शिवारात जावयाचे म्हणजे डांबरी सडक सोडून पाणंद, गाडीवाट आणि ओढ्याच्या उतारांच्या स्वाधीन व्हावयाचे. म्हणून मी एक्सपल्स ही उंच, तारांच्या चाकांची गाडी घेतली. तिच्या मागच्या टायरवर १२०/८०-१८ असा आकडा असतो. त्याचा अर्थ रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिमचा व्यास १८ इंच. पुढचे चाक दिशा धरते, परंतु इंजिनाची सारी शक्ती साखळीवाटे मागच्या चाकात उतरून जमिनीला भिडते, आणि म्हणूनच गाडी पुढे जाणार की जागच्या जागी रुतणार, याचा निवाडा बहुतांशी मागच्या टायरकडे असतो. मूळ टायर झिजला तेव्हा माझे काम उत्तर सोलापुरातील मुरमाड माळांवर होते. त्यामुळे बुटक्या, दाट ठोकळ्यांचा आणि मऊ रबराचा टायर मी घेतला, आणि त्या कठीण भूमीवर तो उत्तम चालला, कारण जेथे ठोकळा जमिनीत रुतू शकत नाही तेथे मऊ रबरच खडकाच्या खरखरीत पृष्ठाला घट्ट धरून राहते.

पुढे कामानिमित्त मंगळवेढ्याच्या शिवारात जाण्याचा प्रसंग आला. हस्ताचा पाऊस आदल्या रात्रीच पडून गेला होता, आणि ज्या खोल काळ्या जमिनीवर तेथील नामांकित ज्वारी पिकते, तिच्यातून जाणाऱ्या वाटेवर मी गाडी घातली. वीस-पंचवीस हातांवरच दाट ठोकळ्यांमधील सगळ्या फटी चिखलाने भरून टायर तुळतुळीत झाला, मडगार्डखाली माती ठासून बसली, आणि इंजिन ओरडत असताना चाक मात्र अडून राहिले. बाभळीच्या काटकीने मी एकेक फट उकरू लागलो, तेव्हा साच्यातून वडी निघावी तशी ती चिकट माती अखंड निघत होती. बांधावर उभे असलेले एक वृद्ध शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, "सायेब, वाफसा आल्याबिगर आमी बैलबी घालत न्हाई रानात, अन् तुमी गाडी घातली व्हय?" "चुकलंच माझं, मामा," एवढेच मी म्हणालो.

त्या अनुभवानंतर उंच आणि विरळ ठोकळ्यांचा, कठीण रबराचा टायर मी आणला. चाक फिरताना ठोकळ्यांमधील मोकळ्या जागेतून चिखल आपोआप झटकला जातो, हे त्याचे सामर्थ्य काळ्या मातीत प्रत्ययास आले. पण त्याच टायरने बार्शीकडील बालाघाटाच्या दगडी उतारांवर गेलो, तेव्हा उंच ठोकळे वाकून मुळाशी चिरू लागले, आणि डांबरी सडकेवरील रोजच्या ये-जामुळे मधली ओळ झपाट्याने झिजली. मऊ भूमीला कठीण रबर आणि कठीण भूमीला मऊ रबर, हा नियम मी तेव्हा खऱ्या अर्थाने शिकलो.

वाळूची तऱ्हा याहून निराळी. सीना नदीच्या कोरड्या पात्रात टायरमधील हवा कमी केली की त्याचा तळ पसरतो आणि चाक रुतण्याऐवजी वर तरंगते. परंतु ट्यूब असलेल्या चाकात हवा फार उतरविली, तर टायर रिमवरून सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. त्यासाठी टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा रिमलॉक बसवावा, आणि सडकेवर येताच पंपाने हवा पुन्हा पूर्ववत करावी.

आज माझ्या गाडीला मध्यम उंचीच्या, मध्यम अंतराच्या ठोकळ्यांचा टायर आहे, कारण माझ्या वाटेत मुरूम अधिक आणि काळी कमी. विकत घेताना बाजूवरील चार आकडी शिक्का मी वाचतो. पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि पडून राहिलेले रबर कडक होते म्हणून ते पाहणे अगत्याचे. ठोकळ्यांच्या पुढच्या कडा गोल झाल्या की, उंची शिल्लक असली तरी, टायरची पकड गेली असे मी समजतो. आणि नान्नजच्या ज्या माळावर १९७९ पासून माळढोकाचे अभयारण्य आहे, त्या गवतावर कोणताही टायर योग्य नाही, हेही मी मानतो.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, टायर घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या वाटेवरची माती मुठीत धरून पाहावी, आणि पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल ओसरून जमीन कामाजोगी होईपर्यंत, काळ्या रानात गाडी घालू नये.